चिकटलेली की टेकलेली

प्रयोगशाळेत आत्याचा शब्द म्हणजे शिक्का. एकोणीस वर्षं एकाच मायक्रोस्कोपवर बसून तिनं पेशी मोजल्या, आणि सरांनी तिच्या आकड्यावर कधी बोट ठेवलं नाही. भाचीला तिथं नोकरीला लावतानाही तिनं फक्त शब्द टाकला होता. परीक्षा नाही, मुलाखत नाही. आता तोच शब्द तिच्या घशात अडकला होता.

काम सांगायला सोपं. मेंढीच्या रक्तातल्या तांबड्या पेशी दोन बाटल्यांत घ्यायच्या. एका बाटलीतल्यांना अँटिबॉडीचा लेप द्यायचा, दुसरीतल्या कोऱ्याच ठेवायच्या. मग दोन्ही पांढऱ्या पेशींसमोर सोडायच्या. पांढऱ्या पेशीच्या अंगावर रिसेप्टर असतात. लेपातल्या अँटिबॉडीचं बाहेर राहिलेलं शेपूट हाती लागलं की ते गच्च धरून ठेवतात. कोऱ्या पेशीला शेपूटच नाही, तेव्हा तिला कुणी विचारत नाही. एका पांढऱ्या पेशीला तीन किंवा जास्त तांबड्या चिकटल्या, की ते एक फूल. दोनशे पांढऱ्या पेशी पाहायच्या आणि त्यांतली फुलं मोजायची. या खेपेला सरांनी लेप मुद्दाम पातळ ठेवला होता. किती कमी अँटिबॉडीवर पकड सुटते ते त्यांना पाहायचं होतं.

लेपवाल्या स्लाइडवर आत्याला फुलं दिसली एक्केचाळीस, भाचीला तेहेतीस. ते एक वेळ चाललं असतं. पण कोऱ्या स्लाइडवर आत्याला पाच आणि भाचीला सव्वीस!

"सव्वीस? कोऱ्या पेशींना?" आत्या म्हणाली. "बागेत जाऊन मोजलीस की काय?"

"तूच बघ ना. चिकटल्यात."

"चिकटलेली वेगळी, नुसती टेकलेली वेगळी. गर्दीत धक्का लागला म्हणून कुणी सोयरा होत नाही."

"आत्या, कोऱ्या बाटलीत लेपाचा थेंब गेला असेल."

बाटल्या आत्या स्वतः भरायची. म्हणजे बोलण्याचा रोख कुणावर होता ते उघड होतं. तिच्या डोळ्यांसमोर वहिनी उभी राहिली. वहिनीचं माप जन्माचं सढळ. तिच्याकडे चार पाहुणे आले तर गल्लीच्या टोकाला पोचेपर्यंत त्यांचे दहा व्हायचे. पोर आईवर गेली, दुसरं काय? शिवाय परवा ती आत्याच्या जुन्या वह्या चाळताना सापडली होती. "अक्षर बघत होते," म्हणाली. अक्षर बघायला कुणी इतकी पानं उलटतं?

सरांनी दोन्ही आकडे पाहून चष्मा काढला. "एकीचं चुकतंय. शुक्रवारी मला सांगा. जिचं चुकतंय, तिनं यापुढे मोजणीला बसायचं नाही."

शुक्रवारी आत्यानं सापळा लावला. काचभांडी धुणाऱ्या काकांकडून तिनं चार स्लाइडची नावं कागदाच्या चिठ्ठ्यांनी झाकून घेतली. दोन लेपवाल्या, दोन कोऱ्या, सगळ्या मिसळलेल्या. कुठली कोणती, ते काकांच्या खिशात. नावच दिसलं नाही तर आकडा फुगवायचा कुठं, हे पोरीला कळणार नव्हतं.

"चालेल," भाची म्हणाली. "पण तूही मोज."

"मोजते की! मला कसली भीती?"

भाचीनं मोजून कागद उलटा ठेवला. मग आत्या बसली. अठराव्या पेशीपाशी तिचा हात थांबला. पांढऱ्या पेशीला दोन तांबड्या चिकटून होत्या आणि तिसरी कडेला होती. चिकटलेली, की टेकलेली? तिची नजर आपसूक स्लाइडच्या टोकाकडे गेली. तिथं चिठ्ठी होती. लेपवाली असती तर तिनं डोळे झाकून चिकटलेली म्हटलं असतं. कोरी असती तर टेकलेली.

तिनं काचेला हलकेच टिचकी मारली. पांढरी पेशी सरकली आणि तिसरी तांबडी तिच्याबरोबर ओढली गेली.

मग प्रत्येक संशयाच्या जागी तिनं टिचकी मारली. एरवी तासाभराचं काम, तीन तास लागले. काकांनी खिशातला कागद वाचून दाखवला. कोऱ्या स्लाइडवर आत्याची फुलं चोवीस आणि सत्तावीस. लेपवाल्यांवर बत्तीस आणि पस्तीस. भाचीचा एकही आकडा यांच्यापासून दोनाहून जास्त लांब नव्हता.

काका किटली आणायच्या निमित्तानं सटकले.

"आत्या," भाची हळूच म्हणाली, "दोघींचंही थोडं थोडं चुकलं, असं सांगू या का?"

आता ही इतकी गोड का बोलतेय? वहिनी गोड बोलायला लागली की तिला हमखास काहीतरी हवं असायचं.

"काय हवंय तुला?"

"काही नाही. तू शेजारी बसावंस, एवढंच. तिसरी पेशी ठरवताना मला अजून भीती वाटते."

आत्या तिच्या चेहऱ्याकडे बराच वेळ बघत राहिली. खोट सापडेना. तेवढ्यात सर दारात आले. "ठरलं?"

"माझं चुकलं, सर. हिचे आकडे घ्या. आणि कोरी बाटली फेकून द्या, तिच्यात लेप गेलाय. मीच भरली होती."

सरांनी भाचीचा कागद उचलला. "आणि याआधीचे आकडे?"

"नाव झाकून मी कधी मोजलंच नाही," आत्या म्हणाली. "त्यांतले खरे किती, ते मला सांगता येणार नाही."

ती उठली. भाची जागची हलेना. तेव्हा आत्यानंच खुर्ची तिच्याकडे सरकवली आणि ती नीट बसते की नाही, हे बघत तिच्या मागे उभी राहिली.