गालगुंडाचा वॉर्ड

डॉक्टरांनी चादर उचलून पाहिलं आणि पुन्हा खाली सोडली. शेजारी उभ्या असलेल्या वॉर्ड-ऑर्डर्लीला, दशरथला, इंग्रजीत काहीतरी सांगून ते पुढच्या खाटेकडे वळले. जयवंतला त्यातलं अक्षरही कळलं नाही. दशरथने नजर चुकवली, एवढं मात्र कळलं.

साल एकावन्न. घाटकोपरचा जयवंत परब फौजेत भरती होऊन जेमतेम दोन महिने झाले होते. कांदिवलीजवळच्या छावणीत गालगुंडाची साथ आली आणि चौदा रंगरूट एका वॉर्डात येऊन पडले. पहिले चार दिवस एकमेकांचे फुगलेले गाल बघून हसण्यात गेले. पाचव्या दिवशी जयवंतला हुडहुडी भरून ताप आला आणि सूज खाली उतरली. जांघेत अशी कळ, की कूस बदलायची सोय नाही.

"दशरथभाऊ, काय म्हणाले साहेब? मरणार का मी?"

"मरत नाही रे कुणी यानं." दशरथने स्टूल जवळ ओढलं. "सूज दोन्ही अंडांत उतरलीय. कधीकधी पुढं मूल होत नाही. होतंही. साहेबांनाच सांगता येत नाही, तर मी काय सांगू?"

वैशाखात जयवंतचं लग्न ठरलं होतं. मरणाला भ्यायचं नाही, हे फौजेत रोज ओरडून शिकवत होते. याचं काय करायचं, ते कुणाला विचारणार?

रविवारी आई आली. बरोबर विक्रोळीची सुलक्षणा, त्याची वाग्दत्त वधू. आत यायला बंदी, म्हणून दोघी खिडकीच्या गजांपाशी उभ्या राहिल्या.

"पेज हाडलंय तुज्यासाठी," आई म्हणाली आणि डबा द्यायला दशरथला शोधत गेली.

आई लांब गेल्याचं जयवंतने पाहिलं. आत्ता नाही तर कधीच जमणार नव्हतं.

"माझ्याशी लग्न करू नकोस," तो म्हणाला आणि खाली मान घालून, अडखळत त्याने सगळं सांगून टाकलं.

सुलक्षणाने खिडकीचे गज धरले.

"फार दुखतं का?" तिने विचारलं.

तोवर हे त्याला कुणी विचारलं नव्हतं. त्याने होकारार्थी मान हलवली.

"आईंना सांगितलंत?"

"नाही."

"मग नका सांगू."

लग्न वैशाखातच झालं. पुढे फौज सोडून जयवंत विक्रोळीच्या एका कारखान्यात फिटर झाला. सात वर्षं उलटली, घरात पाळणा हलला नाही. त्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला शेजारच्या रत्नप्रभावहिनींनी विचारलंच, "डॉक्टरला दाखवलंस का गं? कुणात काय आहे ते तरी कळेल."

"दाखवलं ना. माझ्यातच दोष आहे," सुलक्षणा म्हणाली.

आतल्या खोलीत जयवंत उठला. बाहेर जाऊन खरं काय ते सांगायचं म्हणून दारापर्यंत आला. पडद्याला हात लावला, पण तो बाजूला सारला नाही. बायका जाईपर्यंत तो तिथेच उभा राहिला.

मग सुलक्षणा आत आली. त्याच्याकडे न बघता तिने तबक खाली ठेवलं.

"चहा टाकू?" तिने विचारलं.