पांढरी दोन

हार्मोनियमवाल्यांना एक खोड असते. गाणारा समोर आला की नाव-गाव विचारायच्या आधी आम्ही त्याची पट्टी विचारतो, म्हणजे पेटीच्या कुठल्या पट्टीवर त्याचा सा बसतो ते. काळी एक की पांढरी दोन? पट्टी कळली की माणूस कळला, असा आमचा समज. मी अठरा वर्षं कुवेतमध्ये एका बँकेच्या आयटीत आहे, पण रिग्गईतल्या मराठी मंडळींत माझी ओळख 'पेटीवाले सुयोग' हीच, आणि नोकरीपेक्षा ती मला जास्त आवडते. या आवडीपायी त्या शुक्रवारी मी माझ्या मुलीचं एक वर्ष घालवायला निघालो होतो.

स्पृहा सतरा वर्षांची. पेटी माझ्याकडे शिकली, मग पियानोकडे वळली, आणि तिथून मागे मागे जात अठराव्या शतकात पोचली. तिला हार्पसिकॉर्ड शिकायला हॉलंडला जायचं होतं. हार्पसिकॉर्ड म्हणजे पियानोचा पणजोबा. बोट दाबलं की आत एक नखी तार छेडते. तिथल्या संगीतशाळेला दोन तुकड्यांचं रेकॉर्डिंग पाठवायचं होतं आणि मुदत त्या शुक्रवारी संध्याकाळी संपत होती. आम्हाला ठाऊक असलेला हार्पसिकॉर्ड कुवेतमध्ये एकच. अहमदीतले फैसल म्हणून एक निवृत्त तेल इंजिनिअर, त्यांनी सुटे भाग मागवून, चार वर्षं खपून तो स्वतः जोडला होता. वर्षभर दर गुरुवारी स्पृहा त्यांच्याकडे सरावाला जायची. पण घर कंपनीचं होतं, ते रिकामं करायचा दिवसही नेमका तोच, आणि दुपारी चारला सामानाचा ट्रक येणार होता. चारच्या आत दोन्ही तुकडे झाले तर झाले, नाहीतर पुढच्या वर्षी.

इतके दिवस रेकॉर्डिंग अडलं होतं ते ट्यूनिंगपायी. दुबईचा ट्यूनर दोनदा येतो म्हणाला आणि दोनदा आला नाही. तेव्हा मीच छाती पुढे काढून म्हणालो, "आपले कमालभाई आहेत की!"

कमालभाई कोकणातल्या हर्णैचे. फरवानियात त्यांचं वाद्यदुरुस्तीचं दुकान आहे. मुंबईत वीस वर्षं पेटीचे सूर लावले, इथे पंचवीस वर्षं गिटारपासून अरबी उदपर्यंत जे येईल ते दुरुस्त केलं. कान असा की पंख्याच्या आवाजाचाही स्वर सांगतील. गुरुवारी स्पृहाने मला फोनवर मेसेज पाठवला, कमाल अंकलना द्यायला. इंग्रजीत, चांगला लांबलचक. एका इटालियन पाद्र्याने अडीचशे वर्षांपूर्वी घालून दिलेली स्वर लावायची पद्धत होती त्यात. कुठला पंचम किती कमी, कुठला शुद्ध. मी दोन ओळी वाचल्या, उत्तरात अंगठ्याचं चित्र पाठवलं, आणि कमालभाईंना फोन करून सांगितलं, "पांढरी दोन."

का? तर घरी मी तिचा एकच तुकडा कान देऊन ऐकला होता. म्युझेट. फ्रान्सकडचा जुना प्रकार, यात डाव्या हाताला एकच स्वर तानपुऱ्यासारखा घुमत राहतो. तो स्वर होता पांढरी दोन. मला वाटलं, हे तर आपलंच! सा मिळाला, आता बाकीचे स्वर कमालभाई नैसर्गिक लावतील, गोड गोड, उगाच त्या पाद्र्याची कटकट कशाला? अर्ध्या हळकुंडाने पिवळं होणं म्हणजे काय, हे कोणाला बघायचं असेल तर त्याने त्या गुरुवारी माझ्याकडे बघावं.

शुक्रवारी सकाळी आठला कमालभाईंनी काम धरलं. जुम्म्याची नमाज आटपून ते आणि फैसल परत आल्यावर, एकच्या सुमाराला मी आणि स्पृहा पोचलो. भिंती उघड्या, खोकी रचलेली, मधोमध तो लांबुडका हिरवा हार्पसिकॉर्ड. आवाज येऊ नये म्हणून एसी बंद केला. दहा मिनिटांत सगळे घामाने निथळायला लागलो.

स्पृहाने म्युझेट वाजवला. काय सांगू! असा गंधार मी कुठल्याही कीबोर्डवर कधी ऐकला नव्हता. तिने मान वर करून कमालभाईंकडे पाहिलं, हसली, आणि तिसऱ्या खेपेला तो तुकडा पक्का झाला. फैसल "माशाल्लाह, माशाल्लाह" म्हणत टाळ्या वाजवत होते. मी मनातल्या मनात स्वतःचीच पाठ थोपटून घेतली.

मग दुसरा तुकडा. तो जर्मन संगीतकार थोरल्या बाखचा नाही, त्याच्या मुलाच्या काळातला, त्याच्याच वळणाचा. बापाची पिढी शिस्तीची. मुलाच्या पिढीला मध्येच रडावंसं वाटायचं, मध्येच चिडावंसं वाटायचं, आणि त्यासाठी सुरांचं घर सोडून लांब जावंसं वाटायचं. आपल्याकडे सा एका जागी बसतो आणि गाणं त्याच्याभोवती फिरतं. या लोकांचा सा स्वतःच उठून चालायला लागतो. हे मला आज माहीत आहे. तेव्हा नव्हतं.

अर्धं मिनिट बरं गेलं. मग स्पृहाचे हात काळ्या पट्ट्यांवर सरकले, काळी दोन आणि काळी चार एकत्र वाजल्या, आणि वाद्य अक्षरशः केकाटलं. ती थांबली. पुन्हा वाजवलं. पुन्हा तेच. युरोपात या सुराला 'लांडगा' म्हणतात, आणि ते नाव ज्याने ठेवलं त्याने हा आवाज नक्की ऐकला असणार.

घड्याळात सव्वादोन.

"बाबा," ती म्हणाली. तिचा आवाज अगदी खाली गेला होता, आणि तो वर चढण्यापेक्षा मला त्याची जास्त भीती वाटते. "आय सेंट यू द होल थिंग. यू गेव्ह इट टू हिम, राइट?"

कमालभाई दोन हातांवर उभे होते. फैसल दारात. माझ्या तोंडातून निघालं, "हो. दिला की."

एवढंच. तीन शब्द. कमालभाईंनी माझ्याकडे पाहिलं. इंग्रजी त्यांना चांगलं कळतं, गिऱ्हाइकांशी तेच बोलतात. मी नजर वळवून खोक्यांकडे बघायला लागलो.

"माज्याच ध्यानातून गेला असेल बाय," कमालभाई म्हणाले. "वय झाला आता."

"अंकल, हाऊ कुड यू?" स्पृहाचा बांध फुटला. ती त्यांना नको नको ते बोलली. एवढं साधं वाचता येत नव्हतं तर काम घेतलं कशाला, माझं अख्खं वर्ष गेलं, असलं काय काय. कमालभाई खाली मान घालून सूर लावायची किल्ली फडक्याने पुसत उभे. मला माझी लाज वाटत होती, आणि लाजेपेक्षा भीती मोठी होती. या मुलीच्या नजरेत मी अजून तिचा पहिला गुरू होतो.

"द्या, मी लावते," म्हणत तिने किल्ली त्यांच्या हातून ओढून घेतली आणि खुंटीला बसवली. तार चढली, अजून चढली, आणि टण्‌कन तुटून तिच्या मनगटाला लागली. बारीक लाल रेघ उमटली. ती रडली नाही. किल्ली पुढच्या खुंटीला लावली.

ही दुसरी तुटली तर सगळंच संपेल, हे मला दिसत होतं. आणि ती पद्धत तिला पाठ नव्हती. तिचा फोन रेकॉर्डिंगला लावून ठेवलेला, मेसेज हाताशी होता तो माझ्या खिशातल्या फोनवर.

"थांब," मी म्हणालो. "स्पृहा, थांब. मेसेज मी दिलाच नाही. त्यांना मी फक्त पांढरी दोन सांगितली. आत्ता खोटं बोललो."

तिने शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. तिने हात पुढे केला आणि म्हणाली, "फोन."

दोन पस्तीस झाले होते. त्या फोनवर दोघं वाकली. ती इंग्रजीत वाचायला लागली आणि कमालभाईंच्या कपाळाला आठ्या पडल्या. एफ, सी, एक-षष्ठांश कॉमा. "ता माज्या डोक्यात नाय शिरायचा. पट्टीत सांग." मग माझ्या त्या मुलीने, जी घरात मराठीला इंग्रजीत उत्तर देते, बोटांवर मोजत सांगायला सुरुवात केली. "पांढरी चार ते पांढरी एक, थोडा कमी. पांढरी एक ते पांढरी पाच, थोडा कमी." सहा पंचम झाले आणि ती एकदम थांबली. "अंकल! दोन्ही टोकांना पांढरी असेल तो पंचम कमी. एका जरी टोकाला काळी असेल तो शुद्ध. बस, एवढंच आहे!"

"म्हंजे पांढऱ्यांचा सगल्यांचा बिघडवायचा?"

"थोडाथोडा. म्हणजे कुठेच लांडगा येत नाही."

कमालभाईंना ते पटेना. पंचेचाळीस वर्षं ज्या माणसाने पंचमाचा कंप मोडून काढला, त्याला मुद्दाम कंप ठेवायला सांगणं म्हणजे हलवायाला खारट पेढे करायला सांगणं. त्यांनी पहिला पंचम लावला, आणि तो शुद्धच लागला. हात ऐकेना. "नाय, अजून खाली," स्पृहा म्हणाली. त्यांनी डोळे मिटले, किल्ली केसभर ढिली केली. सूर सावकाश लाटेसारखा हलला. "हां," ती म्हणाली.

तारांच्या दोन रांगा होत्या. तुटलेली तार मागच्या रांगेतली, म्हणून ती रांगच फैसलनी दांडी सरकवून बंद केली. आता लावायच्या होत्या एकाच रांगेतल्या एकसष्ट तारा. तरी तीन वाजले. सव्वातीन. मला कोणी काम सांगत नव्हतं. मी पाण्याची बाटली पुढे केली, ती कोणी घेतली नाही. साडेतीनला खालून हॉर्न आला. ट्रक अर्धा तास आधीच हजर! कुवेतमध्ये शुक्रवारी कोणी वेळेवर येत नाही, आणि हे लवकर. फैसल खाली गेले. खिडकीतून दिसलं, ते हमालांना चहाचे कप देत होते आणि हात जोडून काहीतरी समजावत होते.

तीन पन्नासला कमालभाई बाजूला झाले. "घे बाय. आता अल्लाचा नाव घे नि वाजव."

"बाबा, बाहेर थांब," स्पृहा म्हणाली. "प्लीज. अंकल, तुम्ही बसा."

मी जिन्यात जाऊन उभा राहिलो. दाराच्या फटीतून सुरुवात ऐकू आली. तो तुकडा चार मिनिटांचा, पुन्हा वाजवायला वेळ नाही. ती सुरांच्या घराबाहेर पडली, एका परक्या स्वरावरून दुसऱ्यावर गेली, आणि मी काळी चारची वाट बघत कठडा धरून उभा होतो. ती पट्टी आली. केकाटली नाही. थोडी कडवट लागली, आणि तो कडवटपणा तिथे हवाच होता, असं वाटलं. मला हुंदका आला तो मी तोंडावर हात धरून दाबला, कारण तोही रेकॉर्ड झाला असता.

तुकडा संपला तेव्हा जिन्यात हमाल माझ्या मागे रांगेत उभे होते.

गाडीत ती मागे कमालभाईंच्या शेजारी बसली आणि अहमदीहून फरवानिया येईपर्यंत फोनवर फाइल चढवत राहिली. पुढे मी एकटा, ड्रायव्हरसारखा. शेवटी "गेलं," असं म्हणून तिने मान मागे टेकली. मग कमालभाईंकडे वळून म्हणाली, "अंकल, मी खूप वाईट बोलले. सॉरी. माझं चुकलं."

"अगो, तार तुटली तवा माजा पण जीव तुटला. जावंदे," ते म्हणाले.

त्यांच्या दुकानापाशी, बसथांब्याच्या पुढे मी गाडी थांबवली. ते पिशवी घेऊन उतरले, हात हलवला आणि गर्दीतून चालायला लागले. मी गिअर टाकला. मागून बसवाला हॉर्न वाजवत होता.

"बाबा," स्पृहा मराठीत म्हणाली, "मी सॉरी म्हटलं. तू अजून नाही म्हटलंस."

मी गाडी तिथेच सोडली. दार उघडं टाकून धावत गेलो आणि दुकानाच्या शटरपाशी त्यांना गाठलं. "कमालभाई, मी सगळं तुमच्या माथी मारलं. मला माफ करा." याहून मोठं काही बोलायचं मनात होतं, ते सुचलं नाही.

"ता मना तवाच समजला होता," ते कुलूप उघडत म्हणाले.

"मग तुम्ही बोलला का नाहीत? तिने तुम्हाला एवढं ऐकवलं!"

कमालभाईंनी माझ्या खांद्यावरून पलीकडे पाहिलं. स्पृहा गाडीतून उतरून माझ्या मागे येऊन उभी राहिली होती. तिला ऐकू जाईल अशा बेताने, पण माझ्याकडे बघूनच ते म्हणाले, "पोर समोर होती ना. तिच्यासमोर तिच्या बापाला खोटा कसा पाडू?"

बसवाल्याचा हॉर्न चालूच होता. मी वळून गाडीकडे निघालो, आणि स्पृहाकडे बघायची माझी हिंमत झाली नाही.