आईच्या गाडीचे टायर

पुढचा डावा

टायरच्या बाजूला फुगा आला होता, लिंबाएवढा. धाकट्याने वाकून त्यावर बोट दाबलं आणि आईकडे असं बघितलं, जणू फुगा तिच्याच गालावर आलाय आणि तिने तो इतके दिवस लपवून ठेवलाय.

आईचं म्हणणं, नक्षी बघ की. नक्षी खरोखरच शाबूत होती. गाडी गुरुवारी बाहेर पडायची, वाटेत दोन मैत्रिणींना घ्यायची, तिसरीच्या घरी पत्ते खेळायला जायची आणि संध्याकाळी परत. एवढ्याने कुठली नक्षी झिजते. धाकटा म्हणाला, रबराला वय असतं. आई म्हणाली, वय मलाही आहे. तो म्हणाला, तुला फुगा आलेला नाही. त्यावर ती हसली. ती हसली की काम झालं, हे पन्नाशीला आलेल्या धाकट्याला लहानपणापासून माहीत होतं.

गाडी तिची. गोल पाठीची, पुढची काच मधोमध जोडलेली, रंग कधी काळी दुधी. बाबांनी ती एकदाच चालवून पाहिली होती, शिंप्याच्या दुकानाच्या पायरीपर्यंत. पायरीला गाडी टेकली, बाबा उतरले आणि पुढे जन्मभर शेजारच्या सीटवर बसले. स्वतःला ते गाडीचे क्लीनर म्हणवून घ्यायचे. गल्लीत गाडी वळवायची असली की खाली उतरून हात हलवायचे: येऊ दे, येऊ दे, अजून, बस. गल्लीतले लोक आईला ड्रायव्हरीणबाई म्हणत. बाबांना काही म्हणत नसत, कारण म्हणण्यासारखं सगळं बाबांनी स्वतःच आधी म्हणून ठेवलेलं असायचं.

बाबा गेल्यावर ती एकटीच वळवू लागली. गल्ली चिंचोळी, पुढे भिंत, मागे फाटक. पुढे, मागे, पुढे, मागे, आणि गाडीचं तोंड रस्त्याकडे.

तिने आता चालवणं सोडावं, असं धाकट्याला मनातून फार वाटायचं. बोलायचा नाही. बोलला असता तर ती हट्टाला पेटली असती. टायरचं बोलता येत होतं, म्हणून टायरचं बोलला.

पुढचा उजवा

टायरच्या दुकानात टायरांचेच खांब होते, आणि एका बुटक्या खांबावर दुकानदार बसला होता. बसल्या बसल्याच त्याने सांगितलं, या गाडीचं मूळ माप पाच-साठ, टायर नायलॉनचा, अरुंद. हल्ली कोण ठेवतो? मागवायला लागेल, कधी येईल त्याचा नेम नाही. याच रिमवर रुंद रेडियल बसतो, तयार आहे. गाडी चारी पाय रोवून उभी राहील, साहेब.

हे 'पाय रोवून' धाकट्याला आवडलं. त्याने ब्रेकबद्दल विचारलं, ओल्या रस्त्याबद्दल विचारलं, हवा कमी झाली तर काय होतं ते विचारलं. आईचा जीव ज्यात आहे ते सगळं विचारलं असं त्याला वाटलं. स्टिअरिंगबद्दल विचारलं नाही. त्याची स्वतःची गाडी एका बोटाने वळायची. स्टिअरिंगबद्दल विचारायचं असतं हेच तो विसरून गेला होता.

कारागिराने नटाला पाना लावला, जोर केला, आणि

रस्त्याच्या कडेला दुपार. सहलीला निघालेली गाडी एका बाजूला कललेली. आई बाह्या वर सारून पान्यावर दोन्ही पायांनी उभी, नट सुटत नाही म्हणून उड्या मारतेय. बाबा तिच्या डोक्यावर छत्री धरून. थोरली बहीण आणि धाकटा चाकाच्या टोपीत नट सांभाळतायत, एक जरी हरवला तर सहल संपली अशा चेहऱ्याने. जाणारे-येणारे थांबतात आणि सल्ला देतात, तो बाबांना. जॅक जरा आत घ्या. उलटा फिरवा. बाबा मान डोलावतात आणि खाली वाकून तो सल्ला जसाच्या तसा आईला पोचवतात: "हे म्हणतायत, जॅक जरा आत घ्या." आई गाडीखालून म्हणते, "त्यांना म्हणावं, या आत." बाबा तेही पोचवतात.

नट सुटला. दुकानातला.

मागचा डावा

रुंद टायरांवर गाडी थोरल्या भावाचे बूट घातलेल्या पोरासारखी दिसायला लागली. पण रस्त्यावर मात्र झकास. आधी ती प्रत्येक भेगेमागे हुंगत जायची, आता पट्टीने आखल्यासारखी सरळ. दुकानातून ती कारागिरानेच बाहेर काढून दिली होती, पुढे सगळा रस्ता सरळ होता. गल्लीत शिरून धाकट्याने ती भिंतीकडे नाक करून उभी केली आणि किल्ली आईच्या हातात दिली. आईने टायर बघितले. जाड झाली की, म्हणाली.

मागचा उजवा

याचं वेगळं सांगण्यासारखं काही नाही. तो बसला.

स्टेपनी

डिकीत जुनाच टायर राहिला, कारण रुंद टायर त्या खळग्यात मावेना.

गुरुवार गेला. रविवारी धाकटा आला तेव्हा आईने चहाच्या कपाशेजारी गाडीची किल्ली ठेवली आणि कपाबरोबर ती त्याच्याकडे सरकवली. डोळ्यांना नीट दिसत नाही म्हणाली. समोरच्या गाड्यांचे दिवे पसरतात. आता तूच चालव. हे सगळं ती साखर संपल्याचं सांगावं तशा आवाजात म्हणाली.

धाकट्याचा जीव भांड्यात पडला. घरी जाऊन त्याने बायकोला सांगितलं, बायकोने लगेच दूरच्या गावी थोरलीला फोन लावला, आणि थोरली म्हणाली, आपणहून सोडलीन ना, मग उत्तम, कुणाला वाईटपणा घ्यायला नको. तिघांनीही आईचं शहाणपण वाखाणलं. दर गुरुवारी मी नेईन, असं धाकट्याने कबूल केलं. 

पहिल्या गुरुवारी तो गाडीत बसला, मागे घेतली आणि वळवायला गेला.

स्टिअरिंग हलेना. म्हणजे हललं, पण आत कुणीतरी उलट बाजूने धरून बसल्यासारखं. त्याने दोन्ही हात लावले, खांदा लावला, दात आवळले. पुढे, मागे, पुढे, मागे. गाडी रस्त्याकडे वळली तेव्हा त्याच्या पाठीला घाम फुटला होता. आई शेजारी, बाबांच्या जागी, मांडीवरची पर्स दोन्ही हातांनी धरून समोर बघत बसली होती.

तेवढ्यात त्याला सगळं कळलं. रुंद टायरांनी स्टिअरिंग जड झालं होतं; डोळ्यांचं काही नव्हतं. गेल्या गुरुवारी ती याच जागी बसली असणार, हेच स्टिअरिंग तिने ओढलं असणार, गाडी वळली नसणार. टायरांचं तिच्या मनातही आलं नसणार. तिला वाटलं असणार, हे आपलंच.

सांगावं, असं त्याच्या मनात आलं.

मग मनात आलं, कशाला. जे तो इतकी वर्षं बोलू शकला नव्हता ते चार टायरांनी परस्पर उरकलं होतं. रहदारी वाढली होती. फाटकाच्या खांबावर दुधी रंगाचे दोन ओरखडे होते. तो काही खोटं बोलत नव्हता. तो फक्त गाडी चालवत होता. मागच्या सीटवरच्या मैत्रिणींनी शेरा मारला, नवा ड्रायव्हर बरा आहे, पण जुनीसारखा शिव्या देत नाही. त्या हसल्या. आई हसली नाही.

दुसरा गुरुवारही तसाच गेला. तिसऱ्या गुरुवारी आई तयार होत होती आणि तिने खोलीतून चष्मा आणायला सांगितलं. चष्मा पलंगावर नव्हता, म्हणून धाकट्याने वाकून खाली बघितलं. पलंगाखाली दोन बाटल्या होत्या. काठोकाठ पाणी भरलेल्या, झाकणं गच्च, दोन्हींच्या गळ्याला धरायला सोपं जावं म्हणून कापडाची पट्टी गुंडाळलेली. त्याने एक उचलली. चांगलीच जड होती, तालमीतल्या वजनासारखी.

दारात आई उभी होती.

"झाडांचं पाणी आहे ते," ती म्हणाली.

त्या खोलीत झाड नव्हतं. धाकट्याने बाटली होती तशी आडवी ठेवली, चष्मा तिच्या डोक्यावरच होता तो तिला दाखवला, आणि दोघं पत्त्यांना गेले.

काढलेले चार

दुकानदाराला वाटलं टायर खराब निघाले. टायर उत्तम आहेत, धाकटा म्हणाला, पण मला पाच-साठ हवेत, नायलॉनचे, अरुंद. दुकानदाराने सांगून पाहिलं की उलटं जाताय तुम्ही, लोक अरुंदावरून रुंदावर येतात. गाडी पुन्हा रस्त्यावर नाचेल. नाचू दे, धाकटा म्हणाला. मग दुकानदाराने फोनाफोनी केली आणि जुन्या गाड्यांच्या शौकिनांसाठी असली मापं राखून ठेवणारा कुणीतरी शोधून काढला.

टायर आले ते धाकट्याला आधी सायकलचे वाटले, इतके किडकिडीत. कारागिराने आत ट्यूब बसवली, शंखजिऱ्याची पूड भुरभुरवली, पहार घालून कड रिममध्ये बसवली, हवा भरली. कड जागेवर बसताना ठप्प आवाज झाला. या खेपेला धाकटा प्रत्येक टायराजवळ उभा राहिला. पाचवाही घेतला, खळग्यात तो हात घालावा तसा आत गेला.

परत येताना गाडी नाचली. डांबराच्या प्रत्येक सांध्याला ती थोडी इकडे, थोडी तिकडे झाली, आणि जरा वेग घेतल्यावर खालून एक बारीक, एकसुरी गुणगुण सुरू झाली. त्या आवाजावर धाकटा मागच्या सीटवर कितीतरी वेळा झोपलेला होता, गाल गरम रेक्झिनला चिकटलेला, थोरलीचे पाय त्याच्या पोटात. पुढे बाबांचं काहीतरी बोलणं चाललेलं, आईची मान तेवढी दिसायची. मान हलायची नाही. ती हलत नाही तोवर जगात सगळं ठीक आहे, असा त्याचा तेव्हा हिशेब होता.

त्याने पायाखालचा वेग कमी केला. गुणगुण थांबल्यावर पुन्हा वाढवला.

गल्लीत

त्याने गाडी भिंतीकडे नाक करून उभी केली आणि आईला बाहेर बोलावलं. जरा वळवून दाखव, म्हणाला. आईने डोळ्यांचं काढलं. डोळ्यांचं मग बघू, तो म्हणाला, आणि दार उघडून धरलं.

ती बसली. हात कुठे ठेवायचे ते हातांनाच माहीत होतं. तिने श्वास घेतला, दोन्ही खांदे लावून स्टिअरिंग ओढलं, आणि ते एवढ्या झटक्यात फिरलं की तिचं कोपर दारावर आपटलं.

मग ती हळूच उजवीकडे वळवून बघू लागली. मग डावीकडे. खिडकीतून वाकून तिने पुढचा टायर बघितला, बराच वेळ. धाकटा शेजारच्या सीटवर येऊन बसला होता.

"कधी कळलं तुला?" तिने विचारलं.

"पहिल्याच गुरुवारी."

"आणि गप्प बसलास."

"हो."

"का?"

रहदारी, खांबावरचे ओरखडे, थोरलीची काळजी, सगळं त्याच्या ओठांवर तयार होतं. ते त्याने बाजूला ठेवलं.

"तू घरी असलीस की मला झोप लागते," तो म्हणाला.

आईने हात स्टिअरिंगवरून काढून मांडीवर ठेवले आणि त्यांच्याकडे बघितलं.

"मला वाटलं, हे हात गेले," ती म्हणाली. "सकाळी उठले की आधी हेच बघायचे मी. बाकीचं नंतर."

धाकट्याने समोरच्या काचेतून बघितलं. तिथे फक्त भिंत होती.

"उतर," आई म्हणाली.

"मी येतो ना बरोबर."

"नको. उतर तू."

तिचा आवाज चढलेला नव्हता. तो उतरला. तिने गाडी मागे घेतली, पुढे घेतली, पुन्हा मागे, फाटकाच्या खांबाला चिमूटभर जागा सोडून, आणि गाडीचं तोंड रस्त्याकडे झालं. त्याच्याकडे तिने बघितलं नाही. तिला मागचं बघायचं होतं, पुढचं बघायचं होतं, त्यात तो कुठे येत नव्हता.

नवे टायर पहिले काही दिवस जपून चालवायचे, असं दुकानदाराने बजावलं होतं. ते सांगायचं राहिलं. धाकटा गल्लीच्या तोंडापर्यंत जवळजवळ पळतच गेला. गाडी डावीकडे वळली. मैत्रिणी उजवीकडे राहतात. डावीकडे आईचं काय काम होतं ते त्याला ठाऊक नव्हतं.