लंडनात सोडलेला दंड

सुरुपसिंगची थोरली लेक फुलवंता कोणाला न विचारता नवलसिंगच्या घरी त्याची बायको म्हणून जाऊन बसली, ते साल १९४८. होळी नुकतीच झाली होती. पंच बसले आणि ठरलं की मुलाच्या बापाने, उदेसिंगने, दंडाचे दोन बोकड सुरुपसिंगच्या अंगणात आणून बांधावेत. तोवर लेकीने माहेरचा उंबरा ओलांडायचा नाही. उदेसिंगकडे बोकड होता एकच. त्याने निरोप धाडला, एक आता घ्या, दुसरा सवडीने. सुरुपसिंग म्हणाला, दोन म्हणजे दोन. त्या दिवसापासून फुलवंताची आई रूपलीबाई नवऱ्याला भाकर वाढायची, पण शेजारी बसायची नाही.

दर आठवड्याला तो डोंगर उतरून तळोद्याच्या बाजाराला यायचा. रिखबचंद शेठच्या दुकानात चारोळी, डिंक द्यायचा, मीठ घ्यायचा आणि फुटबॉल ऐकायचा. शेठ तरुणपणी कलकत्त्याला मामाच्या पेढीवर होते, तिथून हे वेड घेऊन आले. गिऱ्हाईक नसलं की गोणपाटावर सुपाऱ्या मांडत, अकरा इकडे, अकरा तिकडे, मध्ये चारोळीचा दाणा. सुरुपसिंगने असला चेंडू जन्मात पाहिला नव्हता. नियमही अर्धेच लक्षात राहत. पण एखादी सुपारी चौघींना चुकवून पुढे सरकली की त्याला कुत्र्यांना चकवणारा ससा आठवे आणि तो खुशीत मांडीवर थाप मारी.

त्या श्रावणात लंडनला साऱ्या जगाचे खेळ भरले होते. मुंबईचं वर्तमानपत्र आठवड्याने तळोद्यात पोचलं.

"शेठ, काय व्हयनं?" सुरुपसिंगने पाटी खाली ठेवायच्या आधीच विचारलं.

"हारनूत. फ्रान्सना दोन गोल, आपला एक. पार शेवटला घात व्हयना. आपला बहुतेक उघडा पायवर खेळनात, ते समदा बूटवाला."

"बूट घालीसन पळता तरी येस का?"

"तुन्हा पायले नाल ठोकेल शे. तुले काय समजी."

सुरुपसिंग आपल्या भेगाळ टाचांकडे पाहून हसला. शेठ मोठ्याने वाचू लागले, "पंचांनी फ्रान्सला दोनदा दंड केला, पण हिंदी खेळाडूंनी तो दोन्ही वेळा दवडला."

"तठे बी पंच ऱ्हातस?"

"पंच बिगर खेळ व्हस का?"

इतक्यात गिऱ्हाईक आलं. या खेळातला दंड म्हणजे समोर एकटा राखणदार ठेवून मारायची मोकळी लाथ, आणि आपल्यांची ती दोनदा हुकली, हे सांगायचं राहूनच गेलं. 'दवडला' हा शब्द सुरुपसिंगने कधी ऐकला नव्हता. त्याने तो 'सोडला' असा धरला.

घाट चढताना त्याच्या डोक्यात तेच होतं. अनवाणी पोरं. हरत होती, दंड त्यांच्या हक्काचा होता, आणि एकदा नाही, दोनदा सोडला. वर शेठ म्हणाले होते की लोकांनी त्यांच्यासाठी टाळ्या वाजवल्या. फाट्यावर तो आपल्या पाड्याकडे वळला नाही. उदेसिंगच्या अंगणात गेला.

त्याला पाहताच उदेसिंग द्यायला म्हणून बोकडाचं दावं सोडू लागला.

"राहू दे त्याला," सुरुपसिंग म्हणाला. "दोन्ही सोडले."

"का?"

"लंडनात सोडतात."

"हा कोणता पाडा?"

"लांब आहे. तिथेही पंच असतात."

दाराआड उभ्या फुलवंताने तेवढ्यात माहेरी जायला आपलं लुगड्याचं गाठोडं बांधायला घेतलंही होतं.

पुढच्या बाजाराला तो बायको आणि लेक दोघींना घेऊन उतरला. शेठला सगळी हकिकत सांगितली.

"अरे, तो दंड म्हंजे..." शेठ म्हणाले आणि थांबले. दुकानाच्या पायरीवर रूपलीबाई लेकीच्या ओंजळीत फुटाणे ओतत होती. स्वतः एकही खात नव्हती.

"बरं करं, भाऊ," शेठ म्हणाले.

"ते दोन दंड कसा सोडात, ते दखाडा ना."

शेठनी सुपाऱ्या मांडल्या. चारोळीचा दाणा फ्रान्सच्या गोलापुढे ठेवला आणि बोटाने हलकेच बाजूला सारला. परत ठेवला, परत सारला. सुरुपसिंग वाकून बघत राहिला. त्याला ते फार आवडलं. पुढे कितीतरी बाजारांना तो तेवढंच पुन्हा मांडायला लावी, आणि शेठ मांडत.

रिखबचंद शेठ १९४९ च्या दिवाळीनंतर तिसऱ्या दिवशी तळोद्यात वारले. तोवर त्या दंडाचा खरा अर्थ त्यांनी सुरुपसिंगला सांगितला नव्हता.