दादाच्या हातचं सिमेंट

सलग तिसरा आठवडा, आणि पुन्हा तेच! पडद्यावर चार रेषा, चारींची तोंडं चार दिशांना. प्रयोगशाळेत जिला सगळे मॅडम म्हणत, तिने चष्मा काढून डोळे चोळले. आता खापर फोडायचं तरी कशावर? पावडरीची नवी बाटली उघडून झाली, खोलीचं तापमान तपासून झालं. दुरुस्तीवाला तर दोनदा येऊन "यंत्रातल्या चुंबकाला काही धाड भरलेली नाही" असं सुनावून गेला होता. तिचा जीव अगदी विटला होता.

काम सांगायला सोपं. दात भरायचं सिमेंट काचेवर अर्ध्या मिनिटात कालवायचं, बारीक नळीत भरून यंत्राच्या चुंबकात सोडायचं. सिमेंट घट्ट होतं तसं त्यातलं पाणी जखडलं जातं आणि त्या पाण्याकडून येणारा सिग्नल विझत जातो. कसा विझला, ते दाखवणारी ही रेषा. कालवायला पहिल्यापासून एकच माणूस, तिचा थोरला भाऊ. दातांचा डॉक्टर, दर गुरुवारी दवाखाना आटपून यायचा. सहा वर्षं त्याच्या रेषा एकीवर एक तंतोतंत बसत आल्या होत्या.

"चिमे, तुझं यंत्र म्हातारं झालं बघ," दादा हात धूत म्हणाला. चिमी बावन्न वर्षांची होती, पण ते त्याला कोण सांगणार! "काढ एकदाचं मोडीत."

"हो रे, तसंच दिसतंय."

तो खाली कॉफी आणायला गेला. चिमीने काच पुढे ओढली आणि स्वतःच सिमेंट कालवलं. आजवर कधी कालवलं नव्हतं. दादाच्या कामात आपण कशाला लुडबुड करा? नळी चुंबकात सोडली आणि ती बघत बसली. रेषा सरकत सरकत सहा वर्षांपूर्वीच्या रेषेवर जाऊन बसली. जराही ढळली नाही.

म्हणजे दोष यंत्रात नव्हता, दादाच्या हातात होता. उद्या सकाळी दादाच्या खुर्चीत कोणीतरी आ वासून बसणार होतं, आणि दादाच्या हातात ड्रिल असणार होतं. रेषा पुसायला एक बटण पुरे. पुसून टाकावी असं तिला खरंच वाटलं, इतकी ती दमली होती.

दादा आला. कप अर्धेच होते, उरलेली कॉफी ट्रेमध्ये. पडद्याकडे बघून त्याचा चेहरा खुलला. "आली की नाही ताळ्यावर? मी म्हणत नव्हतो, यंत्राचाच दोष! माझं कधी कालवलेलं हे?"

"दादा, हे मी कालवलं. आत्ता."

त्याने ट्रे खाली ठेवला. "पावडर?"

"तीच."

"आणि काच?"

"सगळं तेच आहे रे, दादा."

तो बसला. मग खिशातला फोन काढून त्याने तिच्यापुढे धरला. "दवाखान्यात लाव. उद्याची अक्कलदाढ दुसरीकडे पाठवायला सांग."

"आणि परवाचे पेशंट?" तिने विचारलं. विचारावंच लागलं.

"सगळेच," दादा म्हणाला. "तूच सांग, चिमे. माझ्याच्याने सांगवणार नाही."