अंगणातली मिस्सा

हेमा आगाशे बाकावर टेकल्या तेव्हा तळहाताला बारीक रेती लागली. त्यांनी वर पाहिलं. छतावर गंजाचा तपकिरी ओघळ होता आणि त्याच्या बाजूला काँक्रीट फुगलं होतं.

वास्तुकला महाविद्यालयातून निवृत्त झाल्यावरही त्या दरवर्षी विद्यार्थ्यांना घेऊन विश्रांतवाडीच्या पुढच्या या कॅथेड्रलमध्ये येत; आजही त्यांना घेऊनच आल्या होत्या. एकही खांब नसलेलं, तंबूसारखं वर गेलेलं हे उघडं काँक्रीट त्यांना पाठ होतं. दोन वर्षांपूर्वी गळती थांबवायला फादर साळवे छतावर पत्रे घालणार होते. रूप बिघडेल म्हणून हेमाबाईंनीच सह्या गोळा करून ते काम अडवलं होतं.

फुगवट्याच्या बरोबर खाली गाणाऱ्यांचा गट उभा होता. पंचवीसेक जण, त्यात आठ-नऊ लहान मुली. रविवारच्या मिस्सेला, सामूहिक उपासनेला, दहा मिनिटं होती.

त्यांनी फादरांना बाजूला घेतलं. "या लोकांना इथून हलवा. लगेच."

"का?"

"आतली सळई गंजलीये. काँक्रीट सुटतंय."

फादरांनी वर पाहिलं. "डाग तर तेव्हाही होता. आपणच म्हणालात, त्याला काही होत नाही."

"चुकले मी. वर चढून न बघताच बोलले." त्या छताकडेच बघत होत्या. "मला काय बोलायचं ते नंतर बोला. आधी मुलींना काढा."

फादर लगेच वळले. मग माइकवर शांतपणे म्हणाले, "आजची मिस्सा अंगणात होईल. गाणाऱ्यांनी आधी निघावं. बाजूच्या दारानं, सावकाश."

गाणाऱ्यांना पेटीची साथ करणाऱ्या मालनबाई पेटी सोडून उठेनात. "ही कोण आणणार?"

"मी," म्हणत हेमाबाईंनी पेटीचं एक टोक धरलं, एका विद्यार्थिनीनं दुसरं. दारापर्यंतची ती वीस पावलं संपता संपेनात. मागे काहीतरी टपटपत होतं.

अंगणातल्या चिंचेखाली मिस्सा अर्ध्यावर आली आणि आत धाडकन आवाज झाला. गाणं थांबलं. फादर दारापर्यंत जाऊन आले. काँक्रीटची परातीएवढी खपली पडून गाणारे उभे होते तिथला बाक मोडला होता. आत कोणी नव्हतं. त्यांनी पुस्तक उघडलं आणि थांबले होते तिथून पुढे वाचू लागले.

मिस्सा संपल्यावर ते हेमाबाईंजवळ आले. "आता तरी पत्रे घालू?"

"पत्र्यांनी भागायचं नाही. सगळं छत ठोकून तपासावं लागेल. तोवर कुलूप लावा. माझ्या विरोधामुळे हे झालं, असं लिहून देते."

विद्यार्थी फाटकाशी ताटकळले होते. आपलं कुठे चुकलं ते त्यांना सांगायला हेमाबाई निघाल्या.

"मीही येतो," फादर म्हणाले. "तेव्हा तुमचं ऐकून काम थांबवलं ते मीच ना."