मोरिता-सानच्या गळ्यातली शिट्टी

मी एक शिट्टी बोलतेय, बास्केटबॉलच्या रेफरीची. संशय घेणं हे माझं पोटापाण्याचं काम. कुणाचा हात लागला, कुणाचं पाऊल सरकलं, सगळ्यावर माझी नजर. म्हणून संशयानं पेटलेल्या माणसाचा मला राग येत नाही. पार्थचा तर नाहीच.

मला त्याच्या बहिणीनं, कश्मिरानं, पुण्यात विकत घेतलं. दुकानदार मला वाजवून दाखवायला निघाला, तशी ती म्हणाली, "काका, उष्टी नको. मीच वाजवते." माझ्या पोटात इतर शिट्ट्यांसारखी खुळखुळणारी गोळी नाही, त्यामुळे घामानं किंवा पाण्यानं मी अडत नाही. विचारात पडली की ती मला चावायची.

पार्थ तिच्याहून बराच लहान. नववीत शाळा सोडलेला, कोबेतल्या एका भारतीय हॉटेलात तंदूर सांभाळणारा. ताई रेफरी म्हणून जपानला येणार हे कळल्यावर त्यानं अख्ख्या किचनला दुधाच्या पावडरीचे पेढे करून वाटले.

देशोदेशींच्या महिला संघांची ती स्पर्धा नवी होती, दुसऱ्यांदाच भरत होती, ओसाकात. जपानातल्या मोठ्या भूकंपाला दोन वर्षं झाली होती. उपांत्य सामना चालू असताना जमीन थोडी हलली. वरचे दिवे झुलायला लागले. कश्मिरानं मला लांबलचक वाजवलं आणि दोन्ही संघांना मैदानाच्या मधोमध बसवलं. हादरा थांबला, मुली उठल्या. घड्याळ सांभाळणाऱ्या मोरिता-सान, म्हणजे मोरिताबाई, मात्र टेबलाखालून बाहेर येईनात.

सामन्यानंतर कश्मिरा त्यांच्याजवळ बसली. मोरिता-सान सेंदाईकडच्या, भूकंपानं सगळ्यात जास्त हादरलेल्या भागातल्या. भूकंपात त्यांची आई पडलेल्या घराखाली ओरडत राहिली. आवाज बसला आणि शोधणारे शेजारून निघून गेले. कश्मिरानं ऐकून घेतलं, मला गळ्यातून काढलं आणि त्यांच्या गळ्यात घातलं. "माझं काम आज संपलं. ही तुमच्याकडे राहू दे."

दुसऱ्या दिवशी कश्मिरा हॉटेलच्या खोलीत उठलीच नाही. हृदय थांबलं, झोपेतच, असं डॉक्टर म्हणाले. पार्थला आदल्या दिवशी सुट्टी मिळाली नव्हती. तो अंतिम सामन्याला येणार होता.

तिचं सामान त्याला मिळालं ते नीट घड्या घालून. पायाला बांधायच्या पट्टीचा उरलेला तुकडा, अर्धं खाल्लेलं चॉकलेट, सगळं होतं. फक्त मी नव्हते. जिथे हरवलेली छत्रीसुद्धा परत येते तिथे शिट्टी कशी जाईल? त्यात अंत्यविधीला मोरिता-सान त्याच्यासमोर कमरेत वाकल्या त्या वाकूनच राहिल्या आणि रडत माफी मागत राहिल्या. आपल्याकडे इतकी माफी गुन्हा केलेला माणूसच मागतो. पार्थनं ओळखलं, म्हणजे त्याला तसं वाटलं. त्यांच्या गळ्यातली माझी काळी दोरीही त्यानं पाहिली.

तो त्यांच्या घरी आला तो विद्यापीठात संशोधन करणाऱ्या मितालीला घेऊन. ती त्याच्या हॉटेलची रोजची गिऱ्हाईक.

"भांडायला आलायस की विचारायला?" दारात तिनं विचारलं.

"तू फक्त भाषांतर कर. गोड करून सांगू नकोस."

"तुझं बोलणं गोड करायला पोतंभर साखर लागेल."

आत मोरिता-साननी चहा ठेवला. पार्थनं कपाला हात लावला नाही.

"विचार त्यांना, शिट्टी का चोरली? ताईनं रात्री मदत मागितली असती तर कशानं मागितली असती?"

मितालीनं जपानीत सांगताना 'चोरली'चं 'घेतली' केलं. पार्थला तेवढं जपानी येत होतं. "चोरलीच म्हण," तो म्हणाला.

मोरिता-साननी सगळं सांगितलं. मग म्हणाल्या, "तुमचा प्रश्न मलाही पडतो. ही तिच्या उशाशी असती, तर? म्हणून माफी मागत होते." त्यांनी मला गळ्यातून काढून दोन्ही हातांनी पुढे केलं.

पार्थनं मला हिसकावून खिशात टाकलं आणि तो दाराशी जाऊन बूट घालू लागला. नाडी बांधता बांधता त्यानं मागे पाहिलं. मोरिता-सानचा हात गळ्यापाशी गेला होता आणि नसलेली दोरी चाचपत होता. त्यांना ते कळतही नव्हतं.

तो बुटांसकट दोन पावलं आत आला. त्या घरात असं कधी कुणी केलं नसेल.

मला खिशातून काढून त्यानं त्यांच्यापुढे धरलं. "वाजवून दाखवा," तो म्हणाला. "एकदा तरी वाजवलीत?"

त्यांनी नकारार्थी मान हलवली. दुसऱ्याची वस्तू तोंडाला कशी लावायची?

"मग चोरून उपयोग काय? वाजवा."

त्यांनी फुंकलं. मी कण्हल्यासारखी वाजले.

"जोरात. पोटातून."

तिसऱ्या वेळी समोरच्या इमारतीतले लोक गॅलरीत आले. पार्थ रडत होता आणि म्हणत होता, "अजून जोरात."

तेव्हापासून मी मोरिता-सानकडेच आहे. पार्थ दर सुट्टीला फोन करतो. विचारतो, शिट्टी उशाशी आहे ना? खरं सांगताय ना? पूर्ण विश्वास त्याचा अजून नाही. कश्मिरानं त्या रात्री मला वाजवलं असतं का, हे मलाही ठाऊक नाही. मी तिथे नव्हते.

तुमच्या घरात कुणी एकटं झोपत असेल, तर माझ्यासारखी एखादी त्याच्या हाताशी ठेवा. आणि नुसती ठेवू नका, आधी वाजवायला लावा. शेजारी रागावले तर रागावू देत. त्यांना ऐकू येतं, एवढं तरी कळेल.